गादी गेली की खर्जही जातो
स्टुडिओ हेडफोनची निवड, दुरुस्ती आणि आवाज : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्टुडिओ हेडफोनविषयी प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार आवाजाची होती आणि दोष मात्र कानावरच्या गादीचा किंवा वायरीचा निघाला. म्हणून या वेळी टिकाऊपणा आणि आवाज हे दोन विषय वेगळे न काढता एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : घरच्या छोट्या स्टुडिओत भजनं आणि निवेदनं रेकॉर्ड करतो. बंद प्रकारचा, वेटोळ्या वायरीचा हेडफोन घेऊन अडीच वर्षं झाली. गादीचं काळं कातडं सोलून कानाला आणि मानेला चिकटतं. अलीकडे पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा पूर्वीसारखा ऐकू येत नाही. ड्रायव्हर थकला असेल का? नवाच घ्यावा का? सोबत फोटो पाठवला आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नवा घेऊ नका. ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, बहुधा ठणठणीत आहे. आधी एक परीक्षा करा. पखवाजाचीच एखादी जागा लावा, हेडफोन नेहमीसारखा घाला आणि दोन्ही तळव्यांनी कप कानांवर हलके दाबा. दाबताक्षणी घुमारा परत आला तर दोष गादीचा आहे.

याचं कारण असं. बंद हेडफोनमध्ये ड्रायव्हर, गादी आणि कान मिळून एक बंद डबी तयार होते. खर्जाचे स्वर वाजताना ड्रायव्हर या डबीतली हवा दाबतो आणि सोडतो. डबीला फट पडली की तो दाब बाहेर निसटतो आणि साधारण २०० हर्ट्झच्या खालचा आवाज पातळ होत जातो. गायकाचा आवाज, टाळ, पखवाजाच्या उजव्या पुडीचे बोल तेवढेच स्पष्ट राहतात, म्हणून हेडफोन बिघडलाय असं चटकन वाटत नाही. चष्म्याची जाड काडी गादीखाली आली तरी हेच घडतं. खरा धोका पुढे आहे. कानाला खर्ज कमी लागतो म्हणून तुम्ही मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, तो वाढवता, आणि तेच भजन दुसऱ्याच्या स्पीकरवर घुमायला लागतं. गादीची चूक अशी थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

आता कातडं का सोललं ते पाहू. ते कातडं नव्हेच. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. घाम, केसांचं तेल आणि उष्णता त्यात भर घालतात. कोकणातल्या दमट हवेत ही क्रिया न वापरलेल्या गादीतही चालूच असते. स्वस्त मिळतात म्हणून चार जोड एकदम घेऊन कपाटात ठेवू नका. एका वेळी एकच जोड घ्या.

तुमच्या फोटोत गादीची पातळ झालर कपाच्या कडेच्या खाचेत खोचलेली दिसते. सोनीच्या एमडीआर-७५०६ लाही हीच पद्धत आहे. जुनी गादी आतल्या बाजूने, कपाच्या कडेशी धरा आणि एका ठिकाणापासून सोलत काढा. ड्रायव्हरच्या जाळीवर बोट टेकवू नका. खाचेत राहिलेला काळा चुरा लाकडी टूथपिकने काढा. कप उलटा, म्हणजे ड्रायव्हर जमिनीकडे करून धरला तर चुरा आत पडत नाही. जाळीवरची जुनी फोमची चकती हाताला चुरगळत असेल तर तीही बदला, नाहीतर तिचे कण जाळीतून ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्यावर उतरतील. नवी झालर वरच्या टोकाला दोन बोटं रुंद एवढी खाचेत बसवा, ती जागा अंगठ्याने दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने झालर किंचित ताणत गोल फिरत या. शेवटचे दोन-तीन सेंटीमीटर हट्ट करतात. तिथे बोथट प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, तो एकदा निसटला तर पडदा फाटतो. गादी बसली की कडेभोवती बोट फिरवून पाहा. झालर कुठेही दुमडलेली राहिली तर तीच नवी फट.

गादी निवडताना मात्र मऊपणावर भाळू नका. मूळ गादीपेक्षा तीन-चार मिलीमीटर जाड गादी लावली की ड्रायव्हर कानापासून दूर जातो आणि तार स्वरांतले चढउतार बदलतात. भोकं पाडलेली किंवा मखमली गादी हवा सोडते, खर्ज उतरतो. आराम वाढेल, पण तो वेगळ्या आवाजाचा हेडफोन होईल. तुम्ही त्यावर रेकॉर्डिंग तपासता, तेव्हा कंपनीची मूळ गादी किंवा तिच्याच जाडीची, भोकं नसलेली गादी घ्या. काम संपलं की कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि वाऱ्यावर टांगा. लगेच डब्यात बंद केला तर घाम आतच राहतो. स्पिरिट आणि सॅनिटायझर गादीला अजिबात लावू नका.

प्रश्न : वायर हलवली की डावी बाजू जाते आणि येते. दुकानदार म्हणतात, पूर्ण वायर बदलावी लागेल. घरी सोल्डरिंग गन आणि मल्टिमीटर आहे. स्वतः करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : येईल, आणि पूर्ण वायर बदलायची गरज बहुतेक वेळा नसतेच. वायर तुटते ती दोन ठिकाणी : जॅकमध्ये शिरते तिथून दोन-तीन सेंटीमीटरच्या आत, नाहीतर कपात शिरते तिथे. मधल्या भागात ती क्वचितच तुटते, खुर्चीचं चाक वरून गेलं असेल तरच.

आधी तुटलेली जागा शोधा. जॅकचं टोक म्हणजे डावा, मधली कडी म्हणजे उजवा आणि मागचा लांब भाग दोघांचा सामायिक परतीचा मार्ग. मल्टिमीटर २०० ओहमच्या (विद्युत अडथळा मोजण्याच्या) पट्टीवर ठेवा. टोक आणि मागचा भाग यांत जो आकडा येईल तो हेडफोनवर छापलेल्या ओहमच्या जवळ असायला हवा, सहसा थोडा कमीच येतो. ६३ ओहमचा हेडफोन असेल तर दोन्ही बाजूंना साठीच्या आसपास आकडा दिसेल आणि दोहोंत ओहम-दोन ओहमहून अधिक फरक नसेल. मीटरची पिन टेकवताच कपातून बारीक ‘टक’ ऐकू आलं तर ड्रायव्हर जिवंत आहे हे लगेच कळतं. आता पिना टेकवलेल्या ठेवून वायर इंचाइंचाने वाकवत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे तुटलेलं आहे.

जॅकपाशी असेल तर जॅकपासून चारेक सेंटीमीटरवर वायर सरळ कापा आणि नवा, स्क्रूने उघडणारा धातूचा जॅक लावा. घेण्याआधी वायरीची जाडी मोजा. वायर जॅकच्या मागच्या भोकापेक्षा जाड निघाली तर सगळा खटाटोप वाया जातो. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला चांगले जॅक सुटे मिळतात. अगदी स्वस्त जॅकमध्ये आतलं प्लॅस्टिक सोल्डरच्या उष्णतेने वितळतं आणि टोक व कडी एकमेकांना चिकटतात.

सर्वांत आधी जॅकची टोपी आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वायरीत ओवून ठेवा. हे विसरून डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं, की सगळं पुन्हा सोडवावं लागतं, आणि सराईत माणूसही हे विसरतो. बाहेरचं आवरण १२ ते १५ मिलीमीटर सोला. आत रंगीत, चकचकीत केसासारख्या तारा दिसतील, त्यांत सुताचा किंवा नायलॉनचा धागा असतो. रंग बहुधा लाल म्हणजे उजवा, हिरवा किंवा निळा म्हणजे डावा, तांबूस म्हणजे सामायिक. पण भरवसा रंगापेक्षा मीटरवर ठेवा.

हा रंग म्हणजेच इन्सुलेशन. इनॅमलचा लेप आहे तो, आणि घरगुती दुरुस्त्या इथेच फसतात. रंग जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, वरून गोळा बसलेला दिसतो पण आत संपर्क नसतो. ब्लेडने खरवडलं तर तारा तुटतात. गनचं टोक ३८० ते ४०० अंशांवर न्या, त्यावर ०.८ मिलीमीटरच्या रोझिनवाल्या सोल्डरचा मोठा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्या थेंबात तीन-चार सेकंद बुडवा. धूर येतो, रंग उडतो आणि तार चंदेरी होते. खिडकी उघडी ठेवा. प्रत्येक तार आधी अशी चंदेरी करा, मगच जॅकला लावा. जॅकला लावताना उष्णता ३५० अंश पुरे आणि दोन-तीन सेकंदांत हात काढा. सुताचा धागा कापून टाकू नका, जॅकच्या पकडीखाली घ्या, ओढ तोच सोसतो.

टोपी फिरवण्याआधी पुन्हा मोजा. टोक ते मागचा भाग आणि कडी ते मागचा भाग हे दोन आकडे सारखे हवेत, आणि टोक ते कडी दुप्पट, म्हणजे ६३ ओहमच्या हेडफोनला १२०च्या आसपास. तिन्ही जुळले तरच टोपी लावा.

दोष कपाशी असेल तर काम अवघड आहे पण अशक्य नाही. वायर ज्या गाठीने किंवा पकडीने आत अडवलेली असते ती तशीच पुन्हा तयार करावी लागते, नाहीतर पहिल्याच हिसक्याला ड्रायव्हरचे टर्मिनल उपटून येतील. टर्मिनलवर दोन सेकंदांहून जास्त गन ठेवू नका. पडद्याच्या कॉइलची, म्हणजे तारेच्या गुंडाळीची, केसाहून बारीक तार तिथेच येऊन टेकलेली असते. शिवाय ड्रायव्हरचं चुंबक उघडं असताना टेबलावर लोखंडी कण आणि स्क्रू पडलेले नकोत. स्वच्छ कापड अंथरा.

प्रश्न : जॅक बदलून आणला तेव्हापासून गाण्यातला गायकच गायब आहे. मागचं संगीत आणि घुमणारा प्रतिध्वनी तेवढा ऐकू येतो. फोन बदलून पाहिला, तेच.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सामायिक तार जॅकला लागलेली नाही. परतीचा मार्ग तुटला की वीज डाव्या ड्रायव्हरमधून निघून उजव्यातून परत फिरते आणि दोन्ही कानांना डाव्या व उजव्या आवाजातली वजाबाकी तेवढी मिळते. गायक दोन्ही बाजूंना सारखाच असतो, वजाबाकीत तो शून्य होतो. मीटरवर टोक ते मागचा भाग काहीच दाखवणार नाही, टोक ते कडी मात्र दुप्पट आकडा दाखवेल. एक डाग नीट दिला की काम झालं.

पण दुकानात जाण्यापूर्वी जॅक पूर्ण आत बसतोय का तेही पाहा. फोनच्या जाड कव्हरमुळे जॅक दोन मिलीमीटर बाहेर राहिला तरी हाच खेळ होतो.

याचं एक भावंड आहे. कपात डाग देताना एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या तर गायक ऐकू येतो, पण डोक्याच्या मधोमध न बसता कुठेतरी मागे पसरल्यासारखा वाटतो, आणि खर्ज पोकळ होतो. एकच आवाज दोन्ही कानांत पाठवणारं मोनो निवेदन लावा. आवाज भुवयांच्या मध्ये ठाम बसला तर तारा बरोबर आहेत.

प्रश्न : उजव्या कानात ठरावीक खालच्या स्वरांना करकर येते. तानपुऱ्याच्या खर्जाला तर हमखास. बाकी आवाज उत्तम. ड्रायव्हर फाटला का?
— एक गायिका, ठाणे

उत्तर : दहांतल्या बहुतेक वेळा हा एक केस असतो. डोक्यावरचा तुटलेला केस गादीतून, फोमच्या चकतीतून आरपार जातो आणि त्याचं टोक पडद्याला टेकतं. खर्जाला पडदा जास्त पुढे-मागे हलतो, म्हणून करकर तिथेच. बायरडायनॅमिक कंपनीच्या डीटी मालिकेत याचा अनुभव विशेष येतो.

गादी काढा, चकती उचला आणि टेबललॅम्प तिरका धरून जाळीकडे पाहा. केस दिसला तर टोकदार प्लॅस्टिकच्या चिमट्याने वरच्या वर खेचा. चिमटा लोखंडी असेल तर चुंबक तो आत ओढून घेतं, आणि पडद्याला भोक पाडायला तेवढं पुरतं. आखूड केसासाठी चिकटपट्टीचा कोपरा जाळीला हलकाच टेकवून उचला. तोंडाने फुंकर, दाबलेल्या हवेचा डबा, व्हॅक्यूम क्लीनर हे तिन्ही वर्ज्य. पडदा काही शतांश मिलीमीटर जाड प्लॅस्टिकचा असतो, हवेच्या एका झोताने त्याला पोचा पडतो.

केस काढून तपासताना फोनवरच्या टोन जनरेटरने ३० ते २०० हर्ट्झपर्यंत स्वर सावकाश चढवत न्या, आवाज बेताचा ठेवा. करकर पूर्ण गेली तर चकती परत लावा, ती टाळू नका. ती केस अडवते आणि तार स्वरांना थोडी लगामही घालते. करकर सगळ्याच स्वरांना येत असेल, आणि एका बाजूचा आकडा मीटरवर स्थिर राहत नसेल, तर मात्र कॉइल गेली आहे. मग ड्रायव्हरच बदलावा लागेल.

प्रश्न : बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला आवाज असं ऐकलं. माझ्याकडे लॅपटॉप आणि छोटा यूएसबी इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा डबा) आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ओहमचा आकडा दर्जा सांगत नाही. तो सांगतो की हेडफोनला व्होल्टेज किती लागेल.

हिशेब सोपा आहे. या हेडफोनला एक मिलिवॉट दिला की साधारण ९६ डेसिबल आवाज होतो. ढोलकीच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबलची जागा राखायची म्हटली तर १४ डेसिबल जास्त, म्हणजे सुमारे २५ मिलिवॉट लागतात. तेवढी शक्ती द्यायला ३२ ओहमला ०.९ व्होल्ट पुरतात, ८० ओहमला १.४ आणि २५० ओहमला २.५ व्होल्ट लागतात. फोनला हेडफोन जोडणारा छोटा डोंगल एक व्होल्टच्या आसपास देतो. त्यावर २५० ओहमचा प्रकार १०२ डेसिबलला थांबतो. निवेदन ऐकायला ते पुष्कळ झालं, पण शांत रेकॉर्डिंग तपासताना नॉब शेवटपर्यंत जाईल. (हे आकडे क्षणिक उसळीचे आहेत. दिवसभर काम करताना सरासरी आवाज ८० डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो.)

तुमच्यासाठी ८० ओहम. त्याची वायर तीन मीटरची सरळ येते, गाणारा माणूस माइकपाशी मोकळा उभा राहू शकतो. ३२ ओहमची १.६ मीटरची वायर टेबलापुरतीच. छोट्या इंटरफेसचं स्वतःचं आउटपुट इम्पिडन्स (आतला विद्युत अडथळा) जास्त असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनचा खर्ज थोडा फुगतो, हे आणखी एक कारण. २५० ओहमची कॉइल बारीक तारेची आणि हलकी असते, चांगल्या ॲम्प्लिफायरवर ती सुरेख वाजते. ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर तिकडे जाऊ नका.

एक सूचना, तीन-चार गायकांना एकाच स्प्लिटरवरून ऐकवणाऱ्यांसाठी. ३२ आणि २५० ओहमचे हेडफोन एकत्र लावू नका. व्होल्टेज सारखंच, पण २५० ओहमवाल्याला आठवा हिस्सा शक्ती मिळते, म्हणजे सुमारे नऊ डेसिबल कमी. तो आवाज वाढवा म्हणेल, शेजारचा कानांवर हात ठेवेल, आणि त्या शेजाऱ्याच्या हेडफोनमधला ठेका माइकमध्ये शिरेल.

प्रश्न : दहा वर्षं चालेल असा एकच हेडफोन घ्यायचा आहे. रेकॉर्डिंगही त्यावरच, मिक्सिंगही त्यावरच. नावं घेऊन सांगा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नावं घेऊन सांगतो, पण आधी प्रश्न थोडा बदलू. कोणताही हेडफोन सगळाच्या सगळा दहा वर्षं टिकत नाही. दीड-दोन वर्षांत गादी जाते, तीन-चार वर्षांत वायर, मग डोक्याची पट्टी. ड्रायव्हरवर कोणी पाय दिला नाही तर तो दशकांनुदशकं चालतो. म्हणून विचारायचं ते हे : हे तीन भाग सुटे मिळतात का, आणि बदलायला डाग द्यावा लागतो का?

या कसोटीवर सेनहायझरचा एचडी २५ सर्वांत वर. १९८८ पासून जवळपास त्याच रूपात आहे. वायर, ड्रायव्हरच्या दोन्ही कॅप्सूल, गाद्या, दुभंगणारी पट्टी सगळं हातांनी ओढून निघतं आणि सुटं विकत मिळतं. वायर गेली तर दहा मिनिटांत नवी लावून काम पुढे चालू. वजन १४० ग्रॅम. बाहेरचा गोंगाट चांगला अडवतो, म्हणून कॅमेरामन आणि बाहेर ध्वनी टिपणारे त्यालाच धरून असतात. पण तो कानावर बसतो, कानाभोवती नव्हे. पकड घट्ट आहे, चष्मा असेल तर दीड तासानंतर कानाची पाळी दुखते. खर्ज किंचित पुढे असतो. एवढ्या एकावर मिक्स करायला आम्ही सांगणार नाही.

त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० दुरुस्तीला तितकाच सोपा आणि आवाजाला त्याहून पुष्कळ सरस. माणसाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी हा मधला पट्टा त्याच्यावर जसा ऐकू येतो तसा या किमतीत क्वचितच कुठे येतो. सगळ्यात खालचा खर्ज मात्र उतरता आहे. त्याचे कप मागून पूर्ण उघडे आहेत, आवाज बाहेर झिरपतो, म्हणून गायकाच्या डोक्यावर घालून रेकॉर्डिंग करता येत नाही. शिवाय ३०० ओहम. एकाच हेडफोनवर भागवणाऱ्यासाठी तो नाही, दुसरा हेडफोन म्हणून उत्तम.

सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत आहे. ६३ ओहम, कोणत्याही उपकरणावर पुरेसा जोरात, आणि चुका निर्दयपणे दाखवणारा : ओठांचा चट् आवाज, माइकवरचा श्वास, एडिटच्या जोडावरची टिकटिक. निवेदन आणि ऑडिओबुकवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा. पण वायर आत डाग दिलेली आहे, आणि कपाबाहेर कमानीपाशी उघडी दिसणारी बारीक तार दाराच्या कडीला अडकली तर तुटते. जपानमधल्या स्टुडिओंत त्याचाच नातेवाईक एमडीआर-सीडी९००एसटी १९८९ पासून आहे. त्याचे सुटे भाग तिथे एकेक करून मिळतात आणि स्टुडिओतली मंडळी ते स्वतः बदलतात. विक्रीची ही पद्धत सगळीकडे यायला हवी असं मनापासून वाटतं.

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो पोलादी पट्टीचा, दणकट, मखमली गादीमुळे उन्हाळ्यातही सुसह्य. गाद्या सुट्या मिळतात, पट्टीचं आवरण टिचबटणांनी उघडतं, ड्रायव्हरपर्यंत पोहोचायला गादीखालची प्लॅस्टिकची कडी तेवढी उचकटावी लागते. वायर इथेही पक्की. आवाजात ८-९ किलोहर्ट्झपाशी उंचवटा आहे, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘च’ टोचतात. हे ठाऊक नसेल तर तुम्ही ते शब्द नको इतके दाबाल आणि गायक बोबडा वाटेल.

एकेजीचा के२४० स्टुडिओ हलका आणि स्वस्त, वायर तीन पिनांच्या छोट्या एक्सएलआर जोडणीने निघते, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. पट्टी आपोआप वर ओढणारी रबरी दोरी काही वर्षांनी सैल पडते आणि कप खाली घसरतात. तो अर्धवट उघडा असल्याने ठेका माइकमध्ये झिरपतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्समध्ये वायर निघते, पण २.५ मिलीमीटरच्या, फिरवून अडकणाऱ्या जॅकची. साधी २.५ची वायर शिरली तरी अडकत नाही, हिसक्याला निघून येते. त्याचा खर्ज खुलवलेला आहे, ऐकायला आनंद देतो, तपासायला थोडा कमी.

तुम्हाला एकच हवा. निवेदन मुख्य असेल तर एमडीआर-७५०६, डोक्यावर तासन्‌तास ठेवायचा असेल तर ८० ओहमचा डीटी ७७० प्रो. दोन्हींची वायर बदलायला डाग द्यावाच लागतो. दोन्ही घेताना गादीची एक जोडी सोबतच मागवून पाहा. विक्रेता ती देऊ शकत नसेल तर विक्रेता बदला.

प्रश्न : हेडफोनवर मिक्स उत्तम वाटतो, गाडीत लावला की खर्ज धडधडतो. हेडफोन तर चांगल्या कंपनीचा आहे.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पहिलं, वर रत्नागिरीच्या वाचकांना सांगितलेली तळव्यांची परीक्षा करा. ती पार पडली तर दोष हेडफोनचा नाही. हेडफोनवर खर्ज फक्त कानाला मिळतो. गाडीत तो छातीला, सीटला, दाराच्या पत्र्यालाही मिळतो, आणि बंद जागा ठरावीक स्वर फुगवते. आवडीचं, नीट मिक्स झालेलं, तुमच्याच प्रकारचं एखादं गाणं घ्या आणि ते तुमच्या मिक्सइतक्याच जोराने लावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याच्याशी ताडून पाहा. खर्ज कानाने नव्हे, या तुलनेने ठरवा. शेवटचा निर्णय कोणत्याही साध्या स्पीकरवर घ्या.

प्रश्न : मखमली गादी पावसाळ्यात कुबट वास मारते. धुता येते का?
— एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : येते. कपावरून काढा, आतली सुटी चकती वेगळी ठेवा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून गादी बोटांनी दाबत धुवा, पिळू नका, पिळली की फोम आतून फाटतो आणि गादी एका बाजूला बसते. साबणाचा फेस जाईपर्यंत तीन-चार पाणी बदला. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली सपाट ठेवा. तुमच्याकडच्या जुलैत पूर्ण सुकायला दोन दिवस लागतील. आतला फोम ओला असताना परत लावली तर ती ओल ड्रायव्हरच्या समोर बंद होते. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. सुकली की मऊ दातब्रशने लव उभी करा. पॉलियुरेथेनच्या गादीला हा उपाय चालत नाही, ती फक्त ओलसर कापडाने पुसा.